फटफटीचा हाशिया

पुण्याच्या नाना पेठेत जुन्या बुलेटसाठी सायलेन्सर मागितला, की काउंटरमागून प्रश्न येतो, "कुठला देऊ? इंदोरी, पंजाब की गोल्डस्टार?" गिऱ्हाईक तरुण असेल तर बहुधा गोल्डस्टार घेऊन जाते. लांबट नळीचा, मागे निमुळता होत गेलेला तो सायलेन्सर असतो. त्याच्या नावात सोने का आणि तारा कशाचा, हे ना विकणारा सांगतो, ना घेणारा विचारतो. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. शब्दाचे मूळ शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. या एका शब्दाचा माग काढत गेलो आणि तो थेट भोरच्या एका लेथ मशीनपर्यंत येऊन थांबला.

इंग्लंडमध्ये ब्रूकलँड्स नावाचा शर्यतीचा गोल रस्ता होता. शर्यत चालू असताना तिथली फेरी ताशी शंभर मैलांच्या वर, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरच्या वेगाने पूर्ण करणाऱ्या मोटारसायकलस्वाराला सोन्याचा छोटा तारा मिळे. १९३७ मध्ये वॉल हँडली या स्वाराने बीएसए कंपनीच्या गाडीवर हा मान मिळवला. बीएसएने पुढच्याच वर्षी नव्या मॉडेलला नाव दिले 'गोल्ड स्टार'. युद्धानंतर या गाडीने शर्यती गाजवल्या, आणि तिच्या सायलेन्सरच्या आकाराची नक्कल पुढे जगभर झाली. नाना पेठेतल्या सायलेन्सरचे नाव त्या ताऱ्याचे आहे.

पण गाडीला 'स्पोर्ट' करायचे सुटे भाग ही कल्पना रुजली ती आणखी एका शर्यतीमुळे. आयल ऑफ मॅन बेटावर १९४७ मध्ये क्लबमन टीटी सुरू झाली. कंपनीच्या खास शर्यती गाड्या तिथे चालत नसत. दुकानात विकली जाणारी, रस्त्यावर चालणारी गाडीच आणायची, असा नियम होता. मग कारखान्यांनी शर्यतीला लागणाऱ्या वस्तूच आपल्या विक्रीच्या यादीत घातल्या. खाली झुकलेले हँडल, मागे सरकवलेल्या पायऱ्या, मोठा कार्बोरेटर, हे सगळे पैसे मोजणाऱ्या कुणालाही मिळू लागले. १९५० आणि ६० च्या दशकांत लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या कामगार पोरांनी हेच भाग आपल्या रोजच्या गाड्यांना लावले. त्या गाड्यांना पुढे कॅफे रेसर म्हणू लागले. रॉयल एनफिल्डने ही हवा ओळखून १९६४ च्या अखेरीस २५० सीसीची कॉन्टिनेंटल जीटी कारखान्यातूनच तशी तयार करून बाजारात आणली.

मद्रासमार्गे आलेली बुलेट

आपल्याकडे बुलेट १९४९ पासून विकली जात होती. सैन्य आणि पोलिसांसाठी सरकारने ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया उभी राहिली. आधी इंग्लंडहून आलेले भाग इथे जोडले जात. पुढे साचे आणि यंत्रे इकडे आली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गाडी पूर्णपणे इथेच बनू लागली. इंग्लंडमधला रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, १९७० पर्यंत तिथली उरलेली कामेही थांबली. मुलगी सासरी नांदत राहिली आणि माहेरच उठून गेले, तशी ही गोष्ट. १९७७ पासून तर मद्रासची बुलेट इंग्लंडला विकायला जाऊ लागली.

मात्र इंग्लंडच्या पोरांना दुकानात सहज मिळणारे स्पोर्ट भाग आपल्याकडे आले नाहीत. आयातीवर बंधने होती, परवाने होते, परकीय चलनाची चणचण होती. मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती होत. तिथे धावणाऱ्यांनाही पुष्कळसे सामान इथेच घडवावे लागे. चेन्नईच्या कारखान्यातून कॅफे रेसर म्हणावी अशी कॉन्टिनेंटल जीटी बाहेर पडली ती थेट २०१३ मध्ये. मधल्या सुमारे पन्नास वर्षांत ज्याला आपली बुलेट तशी हवी होती, त्याने मिस्त्री गाठला. हा मिस्त्रीच या लेखाचा खरा विषय आहे.

सूत, आटे आणि खराद

भोरमध्ये शब्दांचा इतिहास पावलोपावली भेटतो. इथल्या संस्थानिकांचे पद पंतसचिव. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतला सचिव म्हणजे आधीचा सुरनीस. दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश त्याच काळातला. दरबारात शब्द बदलले, पण कारखान्यात ते बदलायला कुणी गेले नाही. आमच्या उस्तादांच्या गॅरेजमध्ये आजही शिकणारा 'शागिर्द' आहे आणि शिकवणारा 'उस्ताद', हे दोन्ही फारसी. तिथला 'मिस्त्री' पोर्तुगिजांकडून आलेला. लेथला ते 'खराद' म्हणतात. बोल्टच्या चुड्यांना मात्र अस्सल मराठीत 'आटे'. आणि माप सांगायचे ते 'सुतात': एका इंचाचे आठ सूत. पाच सुताचा बोल्ट म्हणजे पाच अष्टमांश इंचाचा. शाळेत अपूर्णांक न शिकलेला शागिर्द हा हिशोब बोटांवर करतो.

ही मापे जुन्या बुलेटसाठी फार महत्त्वाची आहेत. गाडी इंग्लंडच्या नकाशांवर बनलेली, त्यामुळे तिचे कित्येक आटे इंची आहेत, तेही एकाच प्रकारचे नाहीत. त्या भोकात मिलिमीटरचा बोल्ट सुरुवातीला दोन फेरे बसतो आणि मग आतले आटे खाऊन टाकतो. म्हणून उस्तादांकडे पान्यांचे दोन संच आहेत आणि ते वेगवेगळ्या खणांत असतात. नव्या पोराला पहिल्या महिन्यात एवढेच शिकवायचे, की हा खण त्या खणात मिसळायचा नाही.

उस्तादांच्या वडिलांचे भोरमध्ये सायकलचे दुकान होते. त्यांनी स्वतः पुण्यात एका वर्कशॉपमध्ये राहून लेथ शिकली आणि परत आले. आता वय सत्तरीच्या पुढे. नाव छापू नका, असे त्यांनीच बजावले आहे.

वेल्ह्याची बुलेट

माझ्या मामेभावाने वेल्हे तालुक्यातल्या एका कुटुंबाकडून १९७१ ची बुलेट घेतली. गोठ्याशेजारच्या खोलीत ती कित्येक वर्षे उभी होती. कागदपत्रे शाबूत, इंजिन जाम, टाकीत गंज. त्याला ती कॅफे रेसर करायची होती. शेवटच्या वर्षाला असलेल्या त्याच्या मुलाने मोबाईलवर अशा पन्नास गाड्या पाहून ठेवल्या होत्या. मी मध्यस्थ म्हणून त्याला उस्तादांकडे घेऊन गेलो. सामानाच्या शोधात मात्र पुढचे सात-आठ महिने मीही गुंतलो.

भोरहून स्वारगेटची एसटी पकडायची. बुधवारी किंवा रविवारी पुण्याचा जुना बाजार आणि इतर दिवशी नाना पेठ, अशी वाटणी आम्ही केली. जुन्या बाजारात चादरीवर मांडलेल्या लोखंडात मूळ वस्तू मिळायची शक्यता असते, नाना पेठेत नव्याने बनवलेल्या मिळतात. दोहोंत फरक ओळखायचा कसा, ते उस्तादांनी शिकवले. जुन्या भागाचे वजन हातात घेऊन बघायचे. आटे नखाने चाचपायचे. क्रोमखाली चकाकी एकसारखी असेल तर माल नवा. एकदा एका दुकानदाराने जुना म्हणून दिलेला कार्बोरेटर घरी उघडल्यावर दोन वेगवेगळ्या गाड्यांचा निघाला. मुंबईच्या चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडलाही एकेक फेरी झाली. तिथून हाती आले ते गिअरच्या दांड्याला लागणारे दोन बॉल जॉइंट, पण ते नेमके हवे तसे.

आता खरी अडचण सांगतो. मोबाईलवरच्या गाड्यांना असते ते 'क्लिप-ऑन' हँडल, म्हणजे पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या दोन नळ्यांना दोन बाजूंनी आवळलेल्या दोन वेगळ्या मुठी. जुन्या बुलेटमध्ये नळ्यांचा वरचा भाग झाकलेला असतो. हेडलाइट, मीटर आणि हँडलचा आधार, सगळे एकाच ओतीव डोक्यात बसवलेले. त्या डोक्यातच नळ्या वर आवळलेल्या असतात. क्लिप-ऑन लावायचे तर ते सबंध डोके काढून टाकावे लागते. बुलेटचा चेहरा म्हणतात तो हाच. मुलगा म्हणाला, काढू. उस्ताद म्हणाले, "गाडी का मूंच निकालोगे तो फिर गाडी किसकी रही?"

तोड त्यांनीच काढली, आणि तीही इतिहासातून. क्लबमन टीटीच्या काळात एक सलग हँडल निघाले होते, पुढे जाऊन खाली वाकणारे. ते मूळ हँडलच्या पकडीतच बसते आणि बसणाऱ्याला जवळजवळ क्लिप-ऑनइतकेच झुकवते. आजही त्याला क्लबमन हँडलच म्हणतात. ते नाना पेठेत मिळाले. बसवताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले. मूठ आणि टाकी यांत बोट जाईल एवढी जागा हवी, नाहीतर घाटाच्या वळणावर अंगठा चेंगरतो. हँडल खाली आल्यावर क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या केबल लांब पडतात आणि वाकून अडकतात. त्या आखूड करून घेतल्या.

पायऱ्या मागे सरकवणे हे त्याहून नाजूक काम. त्या काळच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या. गिअर पहिला वर, बाकीचे तीन खाली. पायरी मागे गेली की पाय गिअरपर्यंत पोचत नाही. मग बरेच जण गिअरचा दांडा उलटा फिरवून मागे तोंड करून लावतात. सोपे आहे, पण त्याने गिअरचा क्रमही उलटतो: पहिला खाली, बाकी वर. पन्नास वर्षांची सवय असलेला माणूस अशा गाडीवर घाईच्या वेळी चुकतो. उस्तादांनी दोन बॉल जॉइंट आणि एक सळई वापरून जोडणी केली, त्यामुळे पाय मागे असूनही क्रम मूळचाच राहिला. उजवी पायरी घडीची केली, कारण सरळ ठेवली असती तर किकचा दांडा तिच्यावर आपटला असता. डाव्या बाजूच्या ब्रेकची मूळ सळई लांब पडली. ती कापता आली असती. उस्तादांनी ती पुसून, तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवली आणि दुसरी आखूड सळई खरादवर बनवली. पायऱ्यांची पट्टी तीन सूत जाड. तिला भोके पाडली ती फ्रेमवर असलेल्या जुन्याच भोकांच्या मापाने. फ्रेमला नवे भोक नाही, वेल्डिंग नाही.

कार्बोरेटरबाबत मुलाचा हट्ट होता की ५०० सीसीच्या बुलेटचा २८ मिलिमीटरचा लावायचा. त्यासाठी सिलिंडर हेडचे तोंड आतून घासून मोठे करावे लागते. उस्ताद तयार झाले नाहीत. एकदा घासलेले लोखंड परत येत नाही, एवढेच म्हणाले. त्याऐवजी मूळ आकाराचा चांगला कार्बोरेटर, नवी जेट, सुईची क्लिप एक खाच वर-खाली करून पाहिलेली, आणि गिअरबॉक्सच्या दातेरी चाकाला एक दात जास्त. एवढ्यावर गाडी नसरापूरच्या चेलाडी फाट्यापासून वेल्ह्यापर्यंत न धापता जाते. पाबे घाटात तो जास्तीचा दात थोडा जाणवतो, तिथे एक गिअर लवकर उतरवावा लागतो.

आणि गोल्डस्टार? तो आणला होता. लावून एकदा आवाज ऐकला, आणि काढून फळीवर ठेवला. त्यामागे कायदा आहे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कर्कश सायलेन्सरवर तर पोलिसांची खास नजर असते.

दुसरीकडे, जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी सुरू केली. त्यांच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते. नव्या नोंदणीला वीस हजार आणि फेरनोंदणीला पाच हजार रुपये शुल्क आहे. रोजच्या वापराला अशी गाडी चालत नाही. मुख्य अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. मामेभावाची गाडी वयाने या नोंदणीला पात्र ठरते. फ्रेम कापली असती, हेड घासले असते, तर तो दरवाजा कायमचा बंद झाला असता. आता मूळ हँडल, पायऱ्या, सळया, सगळे एका पत्र्याच्या ट्रंकेत आहे. उस्ताद म्हणतात, एका दिवसात गाडी जशी होती तशी उभी करतो. ज्यांच्या मनात असे काही करायचे आहे, त्यांनी हात लावण्याआधी आरटीओत विचारावे, आणि काढलेला एकही बोल्ट भंगारात देऊ नये.

मतन आणि हाशिया

जुन्या अरबी-फारसी-उर्दू हस्तलिखितांत पानाच्या मधोमध 'मतन' असतो, म्हणजे मूळ मजकूर. भोवतीच्या समासात नंतरच्या विद्वानांनी लिहिलेला 'हाशिया'. कुणी अर्थ सांगतो, कुणी हरकत घेतो, कुणी आपल्या काळाचे उदाहरण जोडतो. हाशिया कितीही वाढो, मतन खरडून त्या जागी लिहायचे नाही. पुढच्या वाचकाला दोन्ही दिसले पाहिजेत. उस्तादांनी बुलेटवर केले ते याच शिस्तीचे काम आहे. जुनी गाडी जशीच्या तशी काचेत ठेवा म्हणणारे आणि वाटेल तशी कापा म्हणणारे, दोघांनाही मला हेच सांगावेसे वाटते. वस्तूवर आपल्या काळाची खूण उमटवायला हरकत नाही, पण ती खूण समासात असावी.

हे लिहायचे आणखी एक कारण आहे. मोबाईलवर मुसलमानांना हिणवण्यासाठी 'पंक्चरवाला' हा शब्द सर्रास वापरला जातो. आमच्या शाळेतल्या मुलांनाही तो ऐकावा लागतो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लीम कामगारांचे प्रमाण ज्या धंद्यांत जास्त आढळले, त्यांत वाहनदुरुस्ती आहे. ते खरेच आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे? शिक्षण अर्धवट राहिले, नोकऱ्या मिळाल्या नाहीत, भांडवल नव्हते, म्हणून लोक या धंद्यात आले. हा अन्याय आहे, आणि तो धंद्याला शिवी दिल्याने मिटत नाही. पण धंद्यात आल्यावर त्यांनी जे घडवले ते ज्ञान आहे. आयात बंद असताना, कारखान्याकडे भाग नसताना या देशातली वाहने धावती ठेवली ती गावोगावच्या अशा मिस्त्र्यांनी. त्यांत मुसलमान होते, तसे लोहार-सुतार होते, शीख होते. म्हैसूरला जावा आणि येझ्दी बनवणारे तर इराणी होते. हा वारसा कुणा एकाचा नाही, आणि कुणा एकाला त्यातून वगळताही येणार नाही.

कारखान्यांचे इतिहास लिहिले गेले. कुठल्या साली कुठले मॉडेल निघाले, हे मला या लेखासाठी सहज सापडले. गावातल्या उस्तादाचे नाव मात्र कुठल्याच पुस्तकात नसते, आणि त्याची विद्या कागदावर नसते. आमच्या उस्तादांकडे एक वही आहे, हा मोठाच अपवाद. गेल्या चाळीसेक वर्षांत खरादवर बनवलेल्या भागांची मापे तिच्यात उर्दूत लिहिली आहेत, आकडे सुतात, बाजूला पेन्सिलच्या आकृत्या. त्यांचा नातू शिरवळच्या एका कंपनीत संगणकावर चालणारी लेथ चालवतो. हुशार मुलगा आहे. पण त्याला उर्दू वाचता येत नाही आणि सूत हे माप त्याने वापरलेले नाही.

म्हणून मी दर रविवारी दोन तास गॅरेजमध्ये बसतो. उस्ताद वाचून दाखवतात, मी देवनागरीत उतरवतो, आणि नातू शेजारी बसून प्रत्येक सुताचे मिलिमीटर करतो. आतापर्यंत चौतीस पाने झाली. मधेच त्याला एखादे माप पटत नाही, मग तो उठून ट्रंकेतला भाग काढतो आणि कॅलिपर लावतो. बहुतेक वेळा आजोबांचा आकडा बरोबर निघतो. तुमच्या गावात असे कुणी उस्ताद असतील, तर एक वही आणि पेन घेऊन त्यांच्याकडे जा. भाषा कुठलीही चालेल.